रडणारा रॅम्बो आणि जिंकणारा रॅम्बो

अंगात थोडी रग असलेला एखादा तरुण विनाकारण दंडेली करू लागला की त्याला 'स्वतःला रॅम्बो समजतोस काय?' असे सुनावण्याची पद्धत मराठी घरांतही रूढ झाली. ज्यांनी तो चित्रपट कधी पाहिला नाही, त्यांच्याही डोळ्यांपुढे हे नाव उच्चारताच एक ठरावीक चित्र उभे राहते. कपाळाला बांधलेली लाल पट्टी, उघडी पिळदार छाती, हातात मशीनगन आणि पाठीमागे आगीचे लोळ. एका अमेरिकी पटकथेतील पात्राचे नाव जगातील अनेक भाषांत सामान्यनाम होऊन बसावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

परंतु हे चित्र ज्या चित्रपटातून आले, तो १९८५ साली प्रदर्शित झालेला दुसरा भाग होय. पहिला चित्रपट त्याच्या तीन वर्षे आधी, १९८२ साली आला. त्याचे नाव 'फर्स्ट ब्लड'. पहिले रक्त कोणी सांडले, हा प्रश्न त्या शीर्षकात आहे. त्या पहिल्या चित्रपटातील रॅम्बो हा जग जिंकणारा वीर नाही. तो थकलेला, एकाकी, गावोगाव पायी भटकणारा निवृत्त सैनिक आहे आणि चित्रपटाच्या अखेरीस तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडतो. नायक तोच, नट तोच. मात्र तीन वर्षांत त्या पात्राचा अर्थ उलटा झाला. हा बदल केवळ चित्रपटाच्या तंत्राचा नाही. समाज आपल्या सैनिकाकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचाही तो इतिहास आहे.

होप गावचा अनाहूत पाहुणा

टेड कॉचेफ यांनी दिग्दर्शित केलेल्या 'फर्स्ट ब्लड'चा आरंभ अत्यंत शांत आहे. व्हिएतनाममध्ये लढलेला जॉन रॅम्बो आपल्या तुकडीतील एका जुन्या सहकाऱ्याचे घर शोधत येतो. अंगणातील स्त्री त्याला सांगते की, तो सहकारी आता या जगात नाही; कर्करोगाने त्याचा घास घेतला. युद्धात जंगले निष्पर्ण करण्यासाठी अमेरिकेनेच फवारलेल्या रसायनाचा तो परिणाम होता. संपूर्ण तुकडीत आता एकटा रॅम्बो उरला आहे. पुढे जे घडते, त्याचे मूळ या पाच मिनिटांत आहे.

तेथून तो होप नावाच्या लहान गावात पोहोचतो. होप म्हणजे आशा. गावचा पोलीस प्रमुख, शेरीफ टीझल, वाढलेले केस आणि मळका लष्करी कोट पाहून त्याला गाडीत बसवतो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतो. रॅम्बोला हवे असते केवळ एक वेळचे जेवण. तो परत फिरतो आणि एवढ्याच अपराधासाठी पकडला जातो. कोठडीत त्याला मारहाण होते, अंगावर पाण्याचा जोरदार फवारा सोडला जातो, कोरड्या गालावर वस्तरा धरला जातो. तो वस्तरा पाहताच शत्रूच्या छावणीतील छळ त्याच्या मनात जागा होतो आणि तो सर्वांना झुगारून डोंगरातील जंगलात पळून जातो.

जंगलात तो पाठलागावर आलेल्या पोलिसांना एकेक करून जायबंदी करतो, पण मारत नाही. शेरीफच्या गळ्याला सुरा लावूनही तो त्याला जिवंत सोडतो. बंदूक घेऊन शिकारीला आलेला एक पोरगा समोर येतो, त्यालाही तो जाऊ देतो. संपूर्ण चित्रपटात पडद्यावर एकच मृत्यू दिसतो. रॅम्बोवर गोळ्या झाडण्याच्या नादात हेलिकॉप्टरबाहेर झुकलेला एक पोलीस, रॅम्बोने स्वसंरक्षणार्थ फेकलेल्या दगडामुळे तोल जाऊन खाली कोसळतो. ज्या पात्राचे नाव पुढे बेफाम संहाराचे दुसरे नाव ठरले, त्याच्या पहिल्या चित्रपटाची ही नोंद आज अनेकांना चकित करील.

अखेरीस रॅम्बोचा जुना अधिकारी कर्नल ट्राउटमन त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि तेथे हा मूक माणूस बोलू लागतो. रणांगणावर लक्षावधी डॉलरची यंत्रे ज्याच्या हाती विश्वासाने सोपवली होती, त्याला मायदेशी मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरही नोकरी मिळत नाही. विमानतळावर उतरताच निदर्शकांनी त्याची निर्भर्त्सना केली. सायगावच्या मद्यगृहात बूटपॉलिशच्या पेटीतील स्फोटाने मित्राच्या देहाच्या चिंधड्या उडाल्या, ते दृश्य सात वर्षांनंतरही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही. बोलता बोलता त्याचा बांध फुटतो. सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या आयुष्यातील सर्वोत्तम अभिनयांत या काही मिनिटांची गणना करावी लागेल.

कादंबरीतील मृत्यू, चित्रपटातील जीवदान

या चित्रपटाचा आधार डेव्हिड मॉरेल यांची १९७२ सालची कादंबरी होती. मॉरेल अध्यापन करीत असताना त्यांच्या वर्गात व्हिएतनामहून परतलेले काही विद्यार्थी होते. त्यांच्या भयस्वप्नांच्या हकिकती ऐकून या कथेचे बीज त्यांच्या मनात रुजले. कादंबरीतील शेरीफ हाही कोरियाच्या युद्धात पदक मिळवलेला सैनिक आहे. म्हणजे ही लढत सज्जन आणि दुर्जन यांची नसून एकाच देशाच्या दोन युद्धांतील, एकमेकांना समजून घेऊ न शकणाऱ्या दोन सैनिकांची आहे. कादंबरीच्या अखेरीस रॅम्बो मरतो.

चित्रपटातही त्याच्या मृत्यूचे दृश्य चित्रित झाले होते. परंतु चाचणी खेळातील प्रेक्षकांना ते रुचले नाही आणि रॅम्बो जिवंत राहिला. ट्राउटमनच्या भूमिकेसाठी प्रथम निवडलेले कर्क डग्लस हे शेवट बदलण्याच्या विरोधात होते. मतभेद झाल्याने ते बाहेर पडले आणि ती भूमिका रिचर्ड क्रेन्ना यांच्याकडे आली. नायक वाचला, म्हणूनच दुसरा भाग शक्य झाला. पुढे दुसऱ्या भागाच्या पटकथेवरून कादंबरी लिहिण्याचे कामही मॉरेल यांच्याकडेच आले. आपल्याच हाताने मारलेल्या पात्राचे पुढचे पराक्रम लिहिण्याचा हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

तीन आठवड्यांचे अंतर

'फर्स्ट ब्लड' अमेरिकेत २२ ऑक्टोबर १९८२ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १३ नोव्हेंबर १९८२ रोजी, वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातील मृतांच्या स्मारकाचे लोकार्पण झाले. काळ्या पाषाणाच्या त्या भिंतीवर आज ५८ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. जॅन स्क्रग्ज या माजी सैनिकाच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि त्यासाठीचा निधी सरकारी तिजोरीतून नव्हे, तर लोकवर्गणीतून आला. सायगावचा पाडाव ३० एप्रिल १९७५ रोजी झाला होता. म्हणजे आपल्या मृत सैनिकांची नावे एकत्र वाचण्यासाठी त्या राष्ट्राला सात वर्षांहून अधिक काळ लागला.

जे जिवंत परतले, त्यांची दखलही अशीच विलंबाने घेतली गेली. युद्धाच्या आघातातून उद्भवणाऱ्या दीर्घ मानसिक व्याधीला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली. जंगलनाशक रसायनामुळे व्याधिग्रस्त झालेल्या सैनिकांनी उत्पादक कंपन्यांविरुद्ध भरलेल्या दाव्यात मे १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरची तडजोड झाली. शासनाने या व्याधींची जबाबदारी कायद्याने स्वीकारण्यास १९९१ साल उजाडले. पहिल्या चित्रपटातील त्या अंगणात मृत सहकाऱ्याविषयी उच्चारलेली दोन वाक्ये या दीर्घ लढ्यातील एक साक्ष होती.

असा चित्रपट लोकांना पाहवला हे महत्त्वाचे. अमेरिकेत त्याने ४ कोटी ७० लाख डॉलरचा व्यवसाय केला. समाजाला आरसा दाखवूनही तो यशस्वी झाला.

उत्तरभागाची किमया

२२ मे १९८५ रोजी दुसरा भाग प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते जॉर्ज कॉस्मॅटोस. पटकथा स्टॅलन आणि जेम्स कॅमेरॉन यांची. आरंभी रॅम्बो तुरुंगात दगड फोडतो आहे. ट्राउटमन येऊन त्याला एक कामगिरी देऊ करतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकी युद्धकैदी अद्याप आहेत का, हे पाहून छायाचित्रे आणायची. रॅम्बो विचारतो की, या वेळी आपल्याला जिंकू दिले जाणार आहे का? या एका प्रश्नात संपूर्ण चित्रपट सामावला आहे. सैनिक हरला नव्हता, त्याला जिंकू दिले गेले नाही, असे त्यातून सुचवले जाते.

पुढील कथा सर्वपरिचित आहे. मोहिमेचा सूत्रधार मरडॉक याला छावणी रिकामी सापडायला हवी असते. कैदी सापडतात, तेव्हा तो रॅम्बोला शत्रूच्या तावडीत सोडून हेलिकॉप्टर माघारी बोलावतो. सोव्हिएत अधिकारी त्याचा विजेच्या धक्क्यांनी छळ करतात. को नावाची व्हिएतनामी तरुणी त्याला सोडवते, अमेरिकेत नव्या आयुष्याचे स्वप्न पाहते आणि काही क्षणांतच गोळीला बळी पडते. त्यानंतर रॅम्बो स्फोटक बाण, मशीनगन आणि पळवलेले हेलिकॉप्टर यांच्या बळावर एकट्याने सैन्याचा फडशा पाडतो आणि कैद्यांना घेऊन परततो.

चित्रपट म्हणून तो अकुशल मुळीच नाही. जॅक कार्डिफ यांच्यासारख्या ज्येष्ठ छायालेखकाने टिपलेले अरण्य, जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत आणि कोठेही न रेंगाळणारी दीड तासाची गती यांचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच वर्षी सर्वांत वाईट चित्रपटाचा उपहासात्मक 'गोल्डन रॅस्पबेरी' पुरस्कारही मिळाला. प्रेक्षकांनी मात्र समीक्षकांकडे ढुंकूनही पाहिले नाही. अमेरिकेत १५ कोटी आणि जगभरात ३० कोटी डॉलर त्याने मिळवले. पहिल्या भागाच्या तिप्पट प्रेक्षक ज्याच्याकडे धावले, त्यात पहिल्यात नसलेले काहीतरी असले पाहिजे.

आरोपी बदलला

ते काहीतरी म्हणजे समाजाची निर्दोष मुक्तता. पहिल्या चित्रपटात आरोपीच्या पिंजऱ्यात संपूर्ण गाव उभे होते. शेरीफ हा राक्षस नव्हता. आपले गाव स्वच्छ आणि शांत राहावे एवढीच त्याची इच्छा होती. फाटका सैनिक रस्त्यावर दिसू नये, असे वाटणारा तो एक सामान्य गृहस्थ होता आणि त्याच्यात प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा दिसण्याचा धोका होता. दुसऱ्या भागात दोष एकट्या मरडॉकवर आणि परकीय शत्रूवर ढकलला गेला. प्रेक्षकाने मरडॉकचा तिरस्कार करायचा, सोव्हिएत अधिकाऱ्याच्या मरणावर टाळ्या वाजवायच्या आणि हलक्या मनाने घरी जायचे.

सैनिकाच्या देहाचेही तसेच झाले. पहिल्या भागात रॅम्बो भुकेला असतो, थंडीने कुडकुडतो, कुजकी ताडपत्री पांघरतो, दंडावरील जखम स्वतः शिवताना विव्हळतो. दुसऱ्या भागात त्याच देहाचे पोलादी शिल्प होते. अंगावर जखमा आहेत, पण त्यांत वेदना उरलेली नाही. पहिल्या भागातील एका मृत्यूच्या जागी येथे मृत्यूंची मोजदाद करणेही कठीण होते. ज्याच्या मनावरील घाव भरले नव्हते त्याला उपचार मिळाला नाही. त्याला पुन्हा त्याच जंगलात धाडण्यात आले आणि यालाच न्याय म्हटले गेले.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दुसऱ्या भागाच्या शेवटी रॅम्बो जे मागतो, ते पहिल्या भागाचेच शिल्लक राहिलेले सत्य आहे. सैनिक देशावर जसे प्रेम करतो, तसेच देशाने सैनिकावर करावे, एवढीच त्याची मागणी आहे. कोणत्याही देशातील कोणताही सैनिक हे शब्द आपले मानील. परंतु नव्वद मिनिटांच्या स्फोटांनंतर आलेली ती मागणी ऐकायला कोण थांबले होते?

आशेचा व्यापार

युद्धकैद्यांचा विषय तर याहून नाजूक होता. १९७३ च्या पॅरिस करारानंतर ५९१ अमेरिकी कैदी मायदेशी परतले. जे बेपत्ता होते, त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती. त्यांच्या आई-वडिलांनी आणि पत्नींनी वर्षानुवर्षे दाराकडे डोळे लावले होते. त्यांची आशा खरी होती, त्यांचे दुःख तर अधिकच खरे होते. चित्रपटाने त्या आशेला पडद्यावर देह दिला. कैदी जिवंत आहेत, सरकार लपवते आहे, एक शूर पुरुष पुरेसा आहे!

अमेरिकी सिनेटने १९९१ साली या विषयाच्या चौकशीसाठी विशेष समिती नेमली. जॉन केरी तिचे अध्यक्ष होते, तर स्वतः साडेपाच वर्षे हनोईच्या कैदेत काढलेले जॉन मॅकेन हे तिचे सदस्य होते. आग्नेय आशियात कोणी अमेरिकी कैदी अद्याप जिवंत असल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष समितीने १९९३ मध्ये काढला. १९९५ साली उभय देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. आज उरले आहे ते अवशेष शोधण्याचे, ओळख पटवण्याचे, एकेका कुटुंबाला निश्चित उत्तर देण्याचे संथ काम. त्यात स्फोटक बाणांचा उपयोग नाही. सैनिकाचा सन्मान मात्र याच कामात आहे.

राज्यकर्त्यांनाही या नायकाची भुरळ पडली. ३० जून १९८५ रोजी बैरूतमधील विमान-अपहरणातील ओलीस सुटले. त्यावरील भाषणापूर्वी ध्वनिक्षेपकाची चाचणी घेताना अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी विनोदाने म्हटले की, आदल्या रात्री आपण रॅम्बो पाहिला आणि पुढच्या वेळी काय करायचे ते आपल्याला कळले आहे. विनोद म्हणून तो सोडूनही देता येईल. परंतु ते ओलीस सुटले होते ते पडद्याआडच्या वाटाघाटींनी, हे विसरता येत नाही.

युद्धानंतरचे पर्व

महाभारतकारांना ही गोष्ट पुरेपूर ठाऊक होती. अठरा दिवसांचे युद्ध संपते, सौप्तिकपर्वातील रात्रीचा संहारही होऊन जातो, तरीही ग्रंथ तेथे संपत नाही. मग स्त्रीपर्व येते. गांधारी आणि इतर स्त्रिया रणभूमीवर आपल्या माणसांची प्रेते शोधतात. त्यानंतर शांतिपर्व येते. विजयी युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले आहे, तो शोकाने खचला आहे आणि त्याचे भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण हे सर्व त्याला समजावत आहेत. जिंकलेल्यालाही सांभाळावे लागते, हे त्या ग्रंथाने सांगितले. शांतिपर्व हे महाभारतातील सर्वांत मोठे पर्व आहे, यात योगायोग मानण्याचे कारण नाही.

'फर्स्ट ब्लड' हे एका अर्थाने अमेरिकेचे छोटेसे शांतिपर्व होते. फरक एवढाच की, तेथे समजावायला व्यास नव्हते. एकटा ट्राउटमन होता आणि त्याच्याकडेही शब्द नव्हते. त्याने केवळ त्या रडणाऱ्या माणसाला जवळ घेतले. दुसऱ्या भागाने शांतिपर्वाची पाने मिटली आणि पुन्हा भीष्मपर्व उघडले. पहिल्या दिवसाचे शंखध्वनी ऐकायला सर्वांनाच आवडतात.

एकदा ती पाने उघडली की मिटणे कठीण होते. १९८८ साली तिसरा भाग आला. त्यात रॅम्बो अफगाणिस्तानात मुजाहिदीनांच्या खांद्याला खांदा लावून सोव्हिएत फौजांशी लढतो. प्रत्यक्षात त्या फौजांची माघार चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी दहा दिवस, १५ मे रोजी, सुरू झाली होती. काबूलमध्ये पुढे काय घडले, ते जगाने पाहिले. हा भाग अमेरिकेत दुसऱ्याच्या जवळपासही पोहोचला नाही. २००८ आणि २०१९ मध्येही रॅम्बो पडद्यावर आला. प्रत्येक वेळी तो अधिक वृद्ध होता आणि हिंसा अधिक क्रूर होती. टेड कॉचेफ यांचे एप्रिल २०२५ मध्ये निधन झाले. त्यांनी या मालिकेतील एकच चित्रपट केला. बाकीच्यांत तो आजही सर्वांत तरुण वाटतो.

सैनिकावर प्रेम करणाऱ्या घरांत या दोन चित्रपटांपैकी कोणता दाखवावा, असा प्रश्न कोणी विचारला तर पुष्कळांचे बोट प्रथम दुसऱ्याकडे जाईल. त्यात शौर्य आहे, विजय आहे, शेवटी देशप्रेमाचे शब्दही आहेत. पहिल्यात आपल्याच देशाचे पोलीस आपल्याच सैनिकाला छळतात. तो अप्रिय वाटणे स्वाभाविक आहे. तरीही सैनिकाचा अधिक आदर पहिल्याच चित्रपटाने केला. त्याने सैनिकाला माणूस मानले. अजिंक्य नायकाची पूजा करण्यात कोणाचे काही खर्च होत नाही. दोन तासांचे तिकीट आणि थोड्या टाळ्या एवढ्यात ती उरकते. परतलेल्या माणसाला काम देणे, त्याचे उपचार करणे, रात्री दचकून उठणाऱ्याच्या उशाशी बसणे याला मात्र वर्षे लागतात आणि त्याचे चित्रीकरण कोणी करीत नाही.

होप गावात त्या दिवशी कोणी त्या अनोळखी माणसाला दोन घास वाढले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. रॅम्बोचा एकही चित्रपट निघाला नसता आणि एक सैनिक जेवून, पाठपिशवी उचलून, आपल्या वाटेने शांतपणे निघून गेला असता.